फ्लोराबाईच्या दर्शनाला

गोरेगावकराला रोमन देवीचे दर्शन घ्यायचे झाले तर त्याला रोमपर्यंत जाण्याचे कारण नाही. आरेच्या तोंडाशी भुयारी मेट्रोचे स्थानक आहे. तेथे गाडीत बसावे आणि सुमारे तासाभराने हुतात्मा चौकात वर यावे. देवी उभीच असते. पण 'फ्लोरा फाउंटन' हे दोन शब्द आपण मुंबईकरांनी इतकी वर्षे एका दमात उच्चारले, की त्यांतला पहिला शब्द देवीचे नाव आहे हे आपल्या ध्यानीमनीही उरले नाही. घाईच्या माणसाने तर देवीला केव्हाच गाळून टाकले. तो नुसते 'फाउंटन' म्हणतो.

मीही त्यांतलीच. वीस वर्षे मराठी शिकवते आहे. शब्दांची कुळे शोधण्याची खोड आहे. पण या बाईची चौकशी मी कधी केली नव्हती. ती केली नानांमुळे.

नाना म्हणजे माझे वडील. 21 नोव्हेंबर 1955 रोजी फ्लोरा फाउंटनपाशी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. आजोबा मोर्चाला गेले होते. गिरगावातल्या चाळीच्या जिन्यावर नाना रात्रीपर्यंत बसून होते. आजोबा परतले ते अनवाणी. आणि त्या दिवसाविषयी पुढे जन्मभर एक शब्द बोलले नाहीत. त्यामुळे दर वर्षी त्या तारखेला चौकात जाऊन फुले वाहायची, हा नानांचा नेम. गुडघ्यांनी दगा दिला आणि लोकलचा प्रवास सुटला, तसा तो नेमही मोडला.

2025 च्या ऑक्टोबरात मेट्रो थेट हुतात्मा चौकापर्यंत गेली. मी आनंदाने म्हटले, "नाना, आता लिफ्टने उतरायचे आणि लिफ्टने वर यायचे. जाऊ या!"

नाना म्हणाले, "त्या गाडीत मी बसायचा नाही."

कारण मला ठाऊक होते. 2019 च्या ऑक्टोबरात याच मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडे पाडली. तोड रात्रीची सुरू झाली. तीन दिवसांनी, 7 तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर बहुतेक झाडे आडवी झाली होती. नाना तीस वर्षे रोज पहाटे आरेत फिरायला जात. पाड्यातल्या एका वारली म्हाताऱ्याशी त्यांचा स्नेह होता. वाघबारशीला वाघोबाच्या ठाण्याशी नारळ फुटला, की प्रसादाचा तुकडा नानांसाठी राखलेला असे. मी मात्र 2024 पासून त्याच गाडीने कॉलेजला जाते. लोकलच्या दारात लोंबकळणे सुटले, याचे सुख मी नाकारू शकत नाही. आणि ते सुख नानांसमोर बोलूनही दाखवू शकत नाही.

अखेर 21 तारखेच्या सकाळी नानांनीच काठी हातात घेतली. "चल," म्हणाले. "आजोबांसाठी."

गाडीत ते डोळे मिटून बसले. चौकात आल्यावर मशाल धरलेल्या शेतकरी-कामगाराच्या स्मारकाशी त्यांनी झेंडूची फुले वाहिली, हात जोडले. मग वळून त्यांनी पलीकडच्या कारंज्याकडे पाहिले आणि विचारले, "ही बाई कोण गं?"

मी आदल्या रात्री थोडे वाचून ठेवले होते. सांगू लागले. हे कारंजे 1864 सालचे. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा. जेम्स फोरसिथ यांनी ते इंग्लंडातल्या पोर्टलंड दगडात घडवले. बसवायचे होते राणीच्या बागेत, म्हणजे झाडाफुलांच्या सोबतीला. पण बाई येऊन राहिली भररस्त्यात. पुढे तिच्यावर रंगाची पुटे चढली. ती खरवडून मूळचा दगड मोकळा झाला तो अगदी अलीकडे, 2019 च्या सुमारास. पाश्चात्त्य देवांना आपली भूमी काही नवी नाही. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकडीत समुद्रदेव पोसायडनची ब्राँझची मूर्ती सापडली आहे. पण तो आला व्यापाऱ्यांच्या सामानातून, आणि ही आली राज्यकर्त्यांच्या बरोबर.

"ते असू दे. ही करते काय?"

"फुलोऱ्याची देवी ही. धान्य, द्राक्षे, ऑलिव्ह हे सारे फुलले तरच फळणार ना? म्हणून शेतकऱ्याला ती हवी. कवी ओव्हिड सांगतो, की ही मूळची ग्रीक वनदेवता, क्लोरिस. पश्चिमवाऱ्याने तिला पळवून नेली, लग्न केले आणि फुलांचे राज्य आंदण दिले. क्लोरिस म्हणजे फिकट हिरवी. आपल्या क्लोरोफिलमधला क्लोरो तोच."

नाना एकदम थबकले. "म्हणजे आपला हिरवाच की!"

वारल्यांच्या देवांत हिरवा नावाचा देव आहे, हे त्यांना पाड्यावर कळले होते. मी अवाक् झाले. शब्दांची कुळे शोधणारी मी. पण हे नाते जुळवले नानांनी!

मग मी पुढची कथा सांगितली. रोमच्या राज्यसभेला एकदा हिच्या मानाचा विसर पडला. देवीने शाप दिला नाही, वीज पाडली नाही. ती नुसती आपल्या कामातून मन काढून बसली. मोहोर गळाला, वेली सुकल्या, पिके गेली. तेव्हा राज्यसभा शुद्धीवर आली आणि इ. स. पूर्व 173 पासून तिचा उत्सव दर वर्षी होऊ लागला. पुढे तो 28 एप्रिल ते 3 मे असा सहा दिवस चाले. आपला 1 मे, महाराष्ट्र दिन, नेमका त्यात येतो. अर्थात हा निव्वळ योगायोग.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिला आता कोणी फूल वाहत नाही?"

"नाही. तिचे उपासक संपून दीड हजार वर्षे झाली. आता ती शोभेची."

"आणि या इथे," त्यांनी मशालीकडे काठी केली, "देव कोणीच नव्हता. माणसे मेली, आणि आपण हार घेऊन येतो."

परतीच्या गाडीत त्यांनी डोळे मिटले नाहीत. आरेला उतरलो तेव्हा ऊन कलले होते. मी रिक्षा बोलावू लागले, तर त्यांनी कोटाच्या खिशातून एक चुरगळलेला झेंडू काढला. फ्लोरासाठी राखून ठेवला असेल, असे मला वाटले होते.

"घरी नंतर जाऊ," ते म्हणाले. "आधी वाघोबाकडे. तिथे अजून वाहणारे आहेत, तोवर आपणही वाहू."

रिक्षा आरेच्या रस्त्याला वळली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्याच मेट्रोने कॉलेजला गेले.