मळवलीची चढण आणि चार चाकें

मळवलीहून भाजें गांव ओलांडलें, कीं गायमुख खिंडींतून लोहगडवाडीकडे उभी चढण लागते. पावसाळ्यांत तेथें घटकेंत डांबर, घटकेंत चिखल. म्हणूनच नवी गाडी घेतांना आम्हांस प्रश्न पडला: चारी चाकांस जोर दांड्यानें द्यावा, कीं तो आपोआप मिळावा? ‘थार’सारख्या गाडींतील दांड्याची रचना बळकट, अवघड चढासाठीं मंद गिअरही हाताशीं. परंतु वळणावर पुढचीं चाकें मागच्यांहून अधिक अंतर कापतात. तो फरक चिखलांत घसरून निघतो, कोरड्या डांबरावर यंत्रास पीळ पडतो. दांडा वेळीं काढलाच पाहिजे. आमच्या घरीं काका, पुतणे, सुना सारींच गाडी हांकतात. तें भान प्रत्येकास कसें राहावें? चाक घसरतांच जोर वळविणारी स्वयंचलित रचनाच आम्हीं पत्करली. निसरड्या उतारावर मात्र कोणतीच रचना ब्रेक बळकट करीत नाहीं. तेथें सावध पायच तारतो.