धरणाची प्रकृती

आम्हा लातूरकरांच्या गप्पा हवापाण्यापासून सुरू होत नाहीत. नुसत्या पाण्यापासून होतात. "धरणात किती आहे?" हा आमच्याकडचा कुशलप्रश्न. तो न्हाव्याच्या दुकानात निघतो, लग्नाच्या पंगतीत निघतो, दहाव्याला जमलेल्या मंडळींतही हळू आवाजात निघतो. उत्तर टक्क्यांत द्यायचे असते. 'मृतसाठा' हा शब्द इतर गावी इंजिनियर मंडळी वापरत असतील. आमच्या दारावर येणारी भाजीवाली मावशीही तो जुडी निवडता निवडता सहज बोलून जाते.

याला कारणही तसेच घडले आहे. धनेगावचे मांजरा धरण आटले आणि 2016च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली. 12 एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींची पहिली पाणीगाडी आली. पाच लाख लिटर पाणी घेऊन आलेली ती गाडी पाहायला माणसे वरातीला जमावीत तशी जमली होती. पुढे पावसाळा सरता सरता त्याच वर्षी धरण भरले आणि आमच्यापैकी कितीतरी जण नारळ घेऊन धनेगावला गेले. मीही गेलो. पाणी डोळे भरून पाहिले, फोटो काढले, भजी खाल्ली आणि परत आलो.

पण धरणात किती आहे हे रोज विचारणारे आम्ही, धरण कसे आहे हे कधी विचारत नाही. श्रीमंत आत्याबाईंच्या पेटीत काय आहे एवढीच चौकशी करावी आणि त्यांच्या गुडघ्यांबद्दल अवाक्षर काढू नये, तसाच हा प्रकार.

हे माझ्या ध्यानात आणून दिले मामांनी. मामा पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. त्यांच्याबरोबर धरणावर गेले की मोठी पंचाईत. मी पाण्याकडे तोंड करून उभा, तर ते पाठ फिरवून खालच्या कोरड्या उताराकडे पाहत असायचे. कुठे वेडी बाभूळ उगवली, कुठे घुशीने बीळ केले, कुठली दगडाची रांग खचली. चार किलोमीटरांहून लांब ती मातीची भिंत; तिच्यावरचे रोपटे म्हणजे पुढे आत शिरणारे मूळ, आणि कुजलेले मूळ म्हणजे पाण्याला आयती वाट. एकदा पायथ्याच्या चरातून पाणी झिरपताना पाहून मी घाबरलो. मामा हसले. "मातीचं धरण हाय, पाझरणारच की! पाझर नितळ हाय तवर भ्यायचं न्हाई. गढूळ आला की मात्र पळत जाऊन साहेबाला उठवायचं." गढूळ पाणी म्हणजे भिंतीच्या पोटातली माती घेऊन निघालेले पाणी, हे मग त्यांनीच समजावले.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आम्ही सगळे अंगणात कुडकुडत उभे होतो. आईने आधी पोरे मोजली आणि लगेच म्हणाली, "अरे, धरणाचं काय झालं असेल?" मला तो प्रश्न त्या वेळी विचित्र वाटला. ती चौकीदाराची बहीण होती, हे मी विसरलो होतो.

पुण्याच्या जुन्या माणसांना हा प्रश्न विचित्र वाटला नसता. 12 जुलै 1961ला पानशेत फुटले आणि त्याच दिवशी खडकवासलाही गेले. 2 जुलै 2019च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, घरे माणसांसकट वाहून गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. पुढे एका मंत्रिमहोदयांनी दोष खेकड्यांवर ठेवला. खेकड्यांनी खुलासा केल्याचे ऐकिवात नाही. आता 2021 सालचा धरण सुरक्षा कायदा आहे. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा तपासणी करायची, असे त्यात लिहिले आहे. ते वाचून मामा म्हणाले, "कागुद चांगला हाय. भितीवर चालायला माणसं हायत का?"

माझी मुलगी नांदेडला दिलेली. तिथे कुशलप्रश्न निराळा. "विष्णुपुरीची दारं किती उघडली?" गोदावरीच्या मानाने तो जलाशय लहान आणि शहर अगदी कुशीत. वरून पूर आला की दारे वेळेवर उघडलीच पाहिजेत. आणि पूर ओसरताना ती नीट बसली नाहीत, तर नांदेडचे उन्हाळ्यातले पिण्याचे पाणी मुकाट्याने तेलंगणात निघून जायचे. एवढे सगळे दाराच्या वंगणावर आणि कडेच्या रबरावर अवलंबून, हे विहीणबाईंना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "अगबाई, आमच्या कुकरसारखंच की!" यापेक्षा नेमके मला सांगता आले नसते.

आमच्या मांजराचीही अठरा दारे 2021च्या सप्टेंबरात उघडावी लागली होती. पाच वर्षांपूर्वी रेल्वेने पाणी पिणारे आम्ही तेव्हा पुरात अडकलेल्यांच्या बातम्या पाहत होतो.

या दिवाळीला मुलगी माहेरी येते आहे. भाऊबीज झाली की, परवानगी मिळाल्यास, धनेगावला जायचे ठरले आहे. मामांना आता भिंत चढवत नाही, नजरही अधू झाली आहे. ते खाली गाडीतच बसणार. नातवाला मात्र त्यांनी आतापासून बजावून ठेवले आहे. काचेची एक बाटली स्वच्छ धुऊन बरोबर घ्यायची, पायथ्याच्या चरातले पाणी भरून आणायचे आणि उन्हात धरून ते कसे दिसते, हे त्यांना नीट सांगायचे.