मधुचंद्र आणि मसालेभात

महाराष्ट्र सरकारनं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. गाडीतच पलंग, गाडीतच ओटा, गाडीतच न्हाणीघर. फोक्सवॅगनच्या गाडीत पलंग-कपाट बसवायचा उद्योग जर्मनांनी १९५१ सालीच सुरू केला होता. आमच्या शनिवार पेठेत हे धोरण २००७ साली निव्वळ नाइलाजानं अमलात आलं आणि त्याचे लाभार्थी आम्ही उभयता होतो.

आमचं बिऱ्हाड वाड्यात, दोन खोल्यांचं. माणसं सात. मधे दार होतं, पण त्याच्या आड गव्हाची कोठी असल्यामुळे ते लावायची पद्धत नव्हती. लग्नानंतरच्या आठ दिवसांत बायको माझ्याशी चार वाक्यं बोलली. त्यातली तीन ‘चहा ठेवू का?’ अशी होती.

फेब्रुवारीत महाबळेश्वरला जायचं ठरलं. हॉटेलांचे दर ऐकून माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट जागा झाला. तेवढ्यात मामा म्हणाले, “हॉटेल कशाला हवंय? माझी व्हॅन ने.”

मामांचा लग्नमुंजीच्या जेवणाचा धंदा. मारुती ओम्नीची मागची सीटं पातेल्यांसाठी काढलेली, त्यामुळे गादी चपखल बसली. गाडीच्या दोन्ही अंगांना ठळक अक्षरं होती : ‘लग्नमुंजीच्या ऑर्डरी स्वीकारल्या जातील.’ अट एकच. गुरुवारी पहाटे व्हॅन परत. मुंजीची ऑर्डर होती. निघताना शेजारचे नाना म्हणाले, “आधी वीर मारुतीला नारळ फोडा, मग या मारुतीत बसा. पेठेतले दोन्ही मारुती प्रसन्न हवेत!”

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली असतं. खंबाटकीचा घाट चढेपर्यंत आम्ही दोघं मंद आचेवर छान वाफवून निघालो. मागून मसालेभाताचा वास येत होता. कित्येक वर्षांच्या पंगती त्या पत्र्यात मुरलेल्या. वाईला बायको पाचवं वाक्य बोलली, “मामा गोडा मसाला जरा जास्तच घालतात, नाही?” मी चमकून पाहिलं. हिला मतं होती!

क्षेत्र महाबळेश्वरला कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्या एकाच गोमुखातून पडतात. लोक थक्क होऊन बघत होते. आमच्याकडे सकाळी एका मोरीवर सात माणसं असतात. मला विशेष वाटलं नाही.

वेण्णा तलावाशी गाडी लावली तोच एक गृहस्थ आले.

“दोनशे पानांचं काय घ्याल?”

“अहो, आम्ही हनिमूनला आलोय.”

“असू द्या हो. जिलबी धरून सांगा.”

मी शब्द शोधतोय, तोवर पलीकडून बायकोचा आवाज आला, “मठ्ठा हवाय का? वाढपी तुमचे की आमचे? पाणी विहिरीचं की टँकरचं?” दहा मिनिटांत मे महिन्यातलं एक लग्न ठरलं. पाचशे एक रुपये आगाऊ घेऊन तिनं माझ्या डायरीच्या पानावर पावती फाडली. खाली ‘चूकभूल देणे घेणे’सुद्धा लिहिलं. दहावीपासून ती चिपळूणला वडिलांच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसत होती. पाहण्याच्या कार्यक्रमात हे आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. पोहे कुणी केले, एवढंच विचारलं होतं.

त्या रात्री एका ओळखीच्यांच्या अंगणात व्हॅन लावली. सरकतं दार धाडकन लागलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच आमच्यात आणि जगात एक दार होतं, आणि बाहेरून कुणी गहू मागणार नव्हतं. पंगतीच्या सतरंज्या पांघरून ती रात्री दोनपर्यंत बोलत होती. दुकान, उधारी, बुडवणारी गिऱ्हाइकं, शिकायचं राहून गेलेलं बी.कॉम. मी चार वाक्यं बोललो असेन.

बुधवारी संध्याकाळी मामांनी पावती दोनदा वाचली. “सूनबाई, पुढच्या ऑर्डरींचे भाव तूच ठरव,” म्हणाले. ती ते अजूनही ठरवते. मधल्या काळात बी.कॉम.ही झाली, माझ्यापेक्षा चार टक्के जास्त मिळवून. बँकेत जॉइंट खात्यावर आम्ही ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असा शिक्का मारतो. आमच्या घरात सही तिचीच चालते, मी सर्व्हायव्हर.

ओम्नीचं उत्पादन २०१९ साली बंद झालं. नव्या कॅराव्हॅनमध्ये फ्रिज, टीव्ही, सगळं असतं म्हणे. नवपरिणितांनी खुशाल जावं. माझी एकच सूचना आहे : गाडीच्या अंगावर काहीतरी लिहिलेलं असावं आणि कुणीतरी येऊन भाव विचारावा. एरवी आपण कुणाबरोबर आलोय, ते कळायला वर्षं जातात.