आधी थिनर, मग शेड

प्लॅस्टिक मॉडेलच्या किटच्या सूचनापत्रकावर रंगाचा जो नंबर छापला आहे तोच रंग मॉडेलला लागला पाहिजे, यावर माझा अनेक वर्षं ठाम विश्वास होता. हम्ब्रॉल कंपनीचा १५५ लिहिला असेल तर १५५च, तामिया कंपनीचा एक्सएफ-६२ लिहिला असेल तर एक्सएफ-६२च. तो मिळेपर्यंत किट खोक्यात थांबलं तरी चालेल, पण जवळपासची शेड नको. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का बदललं, हे नव्याने किट हातात घेणाऱ्यांसाठी लिहावंसं वाटतं.

जुन्या आग्रहाला आधार होता. रंगांची प्रमाणपद्धती हे मोठं कष्टाचं काम आहे. अमेरिकेचं फेडरल स्टँडर्ड ५९५ हे १९५६ सालचं. त्यातल्या पाच आकड्यांपैकी पहिला चकाकी सांगतो, दुसरा रंगाचा गट. ३६३७५ म्हटलं की ३ म्हणजे मॅट आणि ६ म्हणजे करडा, हे पट्टी न पाहताही कळतं. एवढी शिस्त पाहिल्यावर वाटायचं, की खरा रंग एकच असणार आणि तो कुठल्या तरी बाटलीत भरलेला असणार.

या समजाला पहिला धक्का दिला तो जर्मन रणगाड्यांनी. फेब्रुवारी १९४३ पासून कारखान्यातून रणगाडा गडद पिवळ्या रंगात बाहेर पडू लागला. त्यावरच्या हिरव्या आणि तांबूस तपकिरी पट्ट्या मात्र तुकडीने स्वतः मारायच्या. त्यासाठी घट्ट लेपाचे डबे मिळत आणि तो लेप पेट्रोलने किंवा पाण्याने पातळ करावा लागे. कुणी जास्त पातळ केला, कुणी कमी. मग खरा तपकिरी नेमका कोणता म्हणायचा? आपल्याकडेही तेच दिसतं. १९६५च्या युद्धातली चंदेरी ग्नॅट विमानं १९७१पर्यंत कॅमोफ्लाजमध्ये आली होती. १९७१च्या मिग-२१ची छायाचित्रं शेजारी ठेवली तर पट्ट्यांची मांडणीही विमानागणिक बदललेली दिसते. त्यावर आपलं ऊन आणि आपला पाऊस. रंग कारखान्यात जसा होता तसा महिनाभरही राहत नसे.

त्यात प्रमाणाचा प्रश्न. १/७२ प्रमाणातलं विमान आपण एक फुटावरून पाहतो, म्हणजे खरं विमान बहात्तर फुटांवरून पाहिल्यासारखं. तेवढ्या अंतरावर रंग थोडा फिका, धुरकट दिसतो. अस्सल नंबरचा रंग छोट्या मॉडेलवर जसाच्या तसा लावला तर तो गडद वाटतो. म्हणून अनेक मॉडेलकार त्यात थोडा पांढरा किंवा फिका करडा मिसळतात. म्हणजे नंबर पाळूनही शेवटी भरवसा डोळ्यावरच ठेवावा लागतो.

म्हणून आता रंग घेताना मी आधी शेड विचारत नाही, आधी विचारतो की हा पातळ कशाने होतो. इनॅमल टर्पेंटाइनने पातळ होतो आणि सावकाश वाळतो. लॅकर झटपट वाळतो, पण त्याचं थिनर जहाल असतं. पुरत्या न वाळलेल्या इनॅमलवर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो. उलट, वाळलेल्या लॅकरवर इनॅमल बिनधास्त बसतो. ॲक्रिलिक नावाखाली तर दोन वेगळ्या जाती विकल्या जातात. तामियाचा ॲक्रिलिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने छान पातळ होतो. तेच अल्कोहोल स्पेनच्या वाय्येहोच्या रंगात घातलं तर रंग नासलेल्या दुधासारखा गुठळ्या धरतो. शेड चुकली तर वरून एक कोट देता येतो, थिनर चुकलं तर सगळा रंग खरवडून काढावा लागतो.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. हे रंग बहुतेक आयात होतात. इनॅमल आणि लॅकर ज्वालाग्राही असल्याने विमानाने मागवणं अवघड. दुकानात मालिकेतला निम्मा माल असतो आणि हवा तोच नंबर संपलेला असतो. अशा वेळी घराजवळ जे मिळतं त्याकडे मी आता आदराने पाहतो. दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या कॅम्लिनचे ॲक्रिलिक रंग कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात असतात. ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे लष्करी मातकट हिरवा, हवा असेल तर यलो ऑकर घ्या आणि ब्रशच्या टोकाने थोडा थोडा काळा मिसळत जा. हिरव्याचा थेंबही न घालता मिश्रण हिरवट होत जातं. अमेरिकन लष्कराचा ऑलिव्ह ड्रॅबही मुळात ऑकर आणि काळ्याचाच. शेड दिव्याखाली ठरवू नका, खिडकीतल्या उजेडात पाहा. आधी प्रायमर, मग पाणी घालून दोन-तीन पातळ कोट, शेवटी मॅट व्हार्निश. पोस्टर कलर मात्र नको, तो प्लॅस्टिकला धरत नाही.

आयात रंगांवर माझा राग नाही. त्यांचा दाणा बारीक असतो, एअरब्रशमधून ते सुरेख बसतात, आणि परवडत असतील तर जरूर घ्यावेत. पावसाळ्यात दमट हवेत लॅकर फवारला तर त्यावर पांढुरकी झाक येते, तेव्हा ते काम कोरड्या दिवसासाठी ठेवावं. आणि थिनर कुठलंही असो, खिडकी उघडी ठेवून, मास्क लावूनच काम करावं.

नवीन मित्रांना एवढंच सांगेन: तुमच्या गावात वर्षभर मिळेल असा एकच रंगप्रकार निवडा, त्याचं थिनर ओळखीचं करून घ्या आणि काळा, पांढरा, यलो ऑकर, लाल, निळा एवढ्यांवर हात बसवा. सूचनापत्रकावरचा नंबर वाचा, पण तो नाही म्हणून किट खोक्यात ठेवू नका.