एकदा तरी हाताने बसवावं

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला आणि आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत जुन्या लॅपटॉपांचं काय करायचं, ही चर्चा सुरू झाली. माझा लॅपटॉप उत्तम चालत होता. पण विंडोज ११ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप त्यात नव्हती आणि प्रोसेसरही मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नव्हता. धडधाकट यंत्र भंगारात द्यायला मन तयार होईना, म्हणून लिनक्स या मुक्त प्रणालीकडे वळायचं ठरवलं.

भाचा बोरिवलीला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मावशी, लिनक्स मिंट टाक. पेनड्राइव्ह लाव, नेक्स्ट नेक्स्ट करत जा, झालं."

"आणि ते आर्च लिनक्स म्हणतात ते?"

"ते सगळं हाताने करावं लागतं गं. कमांड टाइप करत बसशील. कशाला?"

मला नेमकं तेच हवं होतं. माझे हिशेब, फोटो, पत्रव्यवहार वर्षानुवर्षं ज्या यंत्रात राहत आले, त्याची घडण एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं आणि लॅमिंग्टन रोडवरून २४० जीबीची एसएसडी आणली. जुनी डिस्क काढून कपाटात ठेवली, म्हणजे माहितीला धक्का लागणार नव्हता. कमांडची तोंडओळख मराठीतूनच झाली. पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, त्यातले लिनक्सचे धडे मराठी आवाजात ऐकता येतात.

पेनड्राइव्हवरून आर्च सुरू झालं की समोर काळा पडदा आणि एक लुकलुकता कर्सर, एवढंच असतं. पहिलं काम म्हणजे वाय-फाय जोडणं. दुसरं, कोणत्या डिस्कवर बसवायचं ते ठरवणं. इथे हात आखडतो, कारण पेनड्राइव्ह आणि एसएसडी दोन्हींची नावं एसडीए, एसडीबी अशी सारखीच दिसतात आणि चुकीची निवडली तर तीच पुसली जाते. डिस्कची यादी दाखवणारी कमांड देऊन आकारावरून ओळखायचं. एसएसडीच्या खोक्यावर २४० लिहिलेलं, पडद्यावर मात्र २२३.६. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि ही कमांड १०२४च्या पटीत, एवढाच तो फरक.

मग डिस्कचे भाग पाडले: संगणक चालू होताना जिथे पहिल्यांदा बघतो तो छोटा ईएफआय भाग, आणि उरलेली सगळी जागा मूळ प्रणालीला. पॅकस्ट्रॅप ही कमांड दिली आणि कर्नल, फर्मवेअर, पायाभूत साधनं एकामागून एक उतरायला लागली. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. "मावशी, नेटवर्कमॅनेजर आत्ताच टाकून घे. पेनड्राइव्हवरचं वाय-फाय नव्या सिस्टिममध्ये येत नाही. रीबूट केल्यावर नेट नसेल तर अडशील." मिंटमध्ये ही गोष्ट सांगावी लागत नाही, ती आधीच घातलेली असते. इथे मात्र मी सांगितलं नाही तर ती नसणार, हे त्या क्षणी लख्ख कळलं.

पुढे आर्च-क्रूट ही कमांड आली. पेनड्राइव्हवरूनच संगणक चालू असतो, पण या कमांडनंतर आपण नव्या, अजून अर्धवट प्रणालीच्या आत उभे राहतो आणि तिथूनच तिची मांडामांड करतो. वेळ आशिया/कोलकाता. भाषांच्या लांबलचक यादीत मराठी-भारत ही ओळ होती. तिच्यापुढचं हॅशचं चिन्ह काढलं, लोकेल-जेन ही कमांड चालवली आणि ती भाषा जागी झाली. डेस्कटॉप म्हणून हलकं एक्सएफसीई घेतलं. रीबूट केल्यावर ब्राउझर उघडून मराठी वर्तमानपत्र लावलं तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन, कारण देवनागरीचा एकही फॉन्ट यंत्रात नव्हता. नोटो फॉन्ट टाकले आणि 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य जसा हवा तसा उमटला. ते चौकोन दिसले नसते, तर संगणकावर मराठी दिसावी म्हणून कुणीतरी किती काम करून ठेवलंय, याचा मी कधी विचारच केला नसता.

आर्च २००२ साली जड व्हिनेट यांनी सुरू केलं. पूर्वी त्यालाही मेनूवाला इन्स्टॉलर होता. तो २०१२मध्ये काढून टाकला आणि एप्रिल २०२१पासून आर्चइन्स्टॉल नावाचा मार्गदर्शक इन्स्टॉलर पुन्हा आला. म्हणजे हाताने करणाऱ्यांनीच पुढे सोपी वाट बांधली. उबुंटू या लिनक्सने २००४पासून हेच केलं. त्यांच्या सीडी तर २०११पर्यंत मागणी नोंदवली की फुकट घरपोच येत. मिंटचा इन्स्टॉलर विचारतो ते थोडेच प्रश्न: भाषा, कीबोर्ड, डिस्क, गाव, नाव. उरलेले निर्णय जाणत्या माणसांनी आपल्यासाठी आधीच घेतलेले असतात. त्यातला एकेक निर्णय मी स्वतः घेऊन बसले होते, म्हणून त्या सोपेपणाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

म्हणूनच शेजारच्या निवृत्त काकांनी लॅपटॉप आणून दिला तेव्हा मी त्यांना आर्च सुचवलंही नाही. "ताई, पेन्शनचं, बँकेचं सगळं यातच बघतो. नातीचे फोटोही आहेत," ते म्हणाले. आधी फोटोंची प्रत दुसरीकडे काढली. मग पेनड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून वाय-फाय, आवाज, प्रिंटर सगळं तपासून घेतलं, डिस्कला हात न लावता. काकांनी स्वतः बँकेचं पान उघडून पाहिलं आणि मान डोलावली, त्यानंतरच बसवलं.

काही महिन्यांनी त्यांनी लॅपटॉपची मदरबोर्डवरची बॅटरी बदलून घेतली आणि यंत्र सुरूच होईना. बूट करण्याजोगं काहीच सापडत नाही, असा संदेश येत होता. दुकानातून सल्ला मिळाला, फॉर्मॅट करा. काका फार घाबरले होते. मला मात्र खात्री होती की डिस्क ठीक आहे. मदरबोर्ड फक्त कुठे बघायचं ते विसरला होता. पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं, डिस्कचे दोन्ही भाग जोडले, क्रूट करून आत शिरले आणि ग्रब, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम, पुन्हा बसवला. कुठे बघायचं याची मदरबोर्डवरची नोंद परत लिहिली गेली आणि लॅपटॉप नेहमीसारखा उघडला. एक फाइलही हलली नव्हती. सोप्या पद्धतीने बसवलेलं यंत्र अडलं तेव्हा उपयोगी पडलं ते हाताने बसवताना शिकलेलं.

हाताने बसवणाऱ्यांत एक अभिमान असतो, आणि तो कधीकधी दुसऱ्याला कमी लेखण्यापर्यंत जातो. तो मला पटत नाही. ज्याला फक्त पेन्शन बघायची आहे, त्याच्यावर काळ्या पडद्याची सक्ती करणं म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरपासून त्याला दूर लोटणं. पण उलट टोकही मला मान्य नाही. "इन्स्टॉलर आहे ना, मग शिकायचं कशाला?" असं सगळेच म्हणायला लागले, तर इन्स्टॉलर अडेल त्या दिवशी प्रत्येक लॅपटॉपला फॉर्मॅट हाच एक उपाय उरेल, आणि पुढचा सोपा इन्स्टॉलर लिहायलाही कुणी नसेल.

आता कुणी विचारलं तर मी स्पष्ट सांगते. रोजच्या कामाच्या यंत्रावर मिंट किंवा उबुंटू बसवा, निर्धास्त वापरा. घरात एखादा जुना, रिकामा लॅपटॉप असेल तर एखाद्या रविवारी तो घेऊन बसा आणि सगळं एकदा हाताने करा. प्रत्येक घरात असा माणूस असायची गरज नाही. प्रत्येक सोसायटीत एक असला, तरी पुष्कळ यंत्रं भंगारात जायची वाचतील.