सावकाश तापणारा

पॅनेलचं दार उघडलं की नजर आधी मोटर चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरवर जाते. तो खट्कन ओढतो, खट्कन सोडतो, आणि मोटर मोठी असली तर शेजारचा पत्राही हादरवतो. त्याच्याच खालच्या तीन टर्मिनलांना लटकून एक मुठीएवढा ठोकळा बसलेला असतो. त्याला ना आवाज, ना हालचाल. तोंडावर एक निळं बटण, एक लाल बटण आणि अँपिअरचे आकडे असलेली छोटी चकती, एवढाच त्याचा चेहरा. कागदोपत्री हा थर्मल ओव्हरलोड रिले. शॉपफ्लोअरवर सगळे त्याला नुसतं 'ओव्हरलोड' म्हणतात, आणि ते बहुतेक वेळा वैतागूनच.

वैताग यायचं कारण उघड आहे. हा गडी चालू काम थांबवतो, एवढंच लोकांना दिसतं. महिनोन्‌महिने तो काहीच न करता मोटर चालू देतो, ते कोण मोजतं?

आत तीन फेजच्या तीन पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी दोन धातूंची, एकमेकांवर घट्ट चिकटवलेली. एका बाजूचा धातू तापला की चांगला लांबतो, दुसऱ्या बाजूचा जवळजवळ लांबतच नाही, म्हणून पट्टी वाकते. पट्टीला वेढे घातलेली हीटरची तार असते आणि मोटरीचा करंट तिच्यातून जातो. करंट वाढला की पट्टी तापते आणि वाकत वाकत एक प्लास्टिकची सरकपट्टी ढकलते. सरकपट्टी ठरावीक जागी पोहोचली की आतली स्प्रिंग टक्कन उडते आणि 95 व 96 या आकड्यांमधला संपर्क तुटतो. काँटॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा त्या संपर्कातून जात असतो. तो गेला की काँटॅक्टर सोडतो आणि मोटर थांबते.

या पट्टीचं कूळ मात्र फार वरचं आहे. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन नावाचा इंग्रज घड्याळजी जहाजावर चालेल असं अचूक घड्याळ बनवायच्या मागे लागला होता. उन्हाथंडीने घड्याळाची चाल बिघडू नये म्हणून त्याने आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात दोन धातूंची पट्टी बसवली. तापूनही न लांबणाऱ्या बाजूला पुढे जो मिश्रधातू वापरात आला, तो इन्व्हार. लोखंडात सुमारे 36 टक्के निकेल. तो शोधला शार्ल एदुआर गियोमने, 1896 साली, आणि अशा मिश्रधातूंवरच्या कामाबद्दल त्याला 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे समुद्रावरचं घड्याळ आणि नोबेल अशा घराण्यातलं हे लेकरू आपल्याकडे ऑइलच्या डागांनी माखलेल्या पॅनेलमध्ये, कोळ्याच्या जाळ्यामागे नोकरी करतं.

ओव्हरलोडचा खरा गुण त्याच्या सावकाशपणात आहे. चालू होताना मोटर तिच्या नेहमीच्या करंटच्या सहा-सात पट करंट ओढते. थांबलेलं वजन फिरवायचं म्हणजे तेवढा जोर लागणारच. एखादा उतावळा रखवालदार पहिल्याच सेकंदाला मोटर पाडेल आणि दिवसभर पाडतच बसेल. ओव्हरलोडला कळतं की ही चार सेकंदांची धाप आहे, आजार नाही. क्लास 10 चा रिले घ्या. चकतीवरच्या सेटिंगच्या 7.2 पट करंट लागला तर गार स्थितीतून तो चार ते दहा सेकंदांत ट्रिप होतो. तेवढ्यात धडधाकट मोटर वेगाला लागून मोकळी होते. मोठे ब्लोअर, जड चाकांच्या प्रेस यांना वेग घ्यायला वेळ लागतो, म्हणून त्यांच्यासाठी क्लास 20 किंवा 30 चे अजून सबुरीवाले भाऊबंद आहेत.

उलट, थोडासाच पण सतत जास्त करंट जात असेल तर हा विसरत नाही. सेटिंगच्या 1.05 पट करंटवर गार रिलेने दोन तासांत ट्रिप व्हायचं नाही, आणि मग 1.2 पट केल्यावर दोन तासांच्या आत व्हायलाच पाहिजे, असा त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय दंडक आहे. वीस टक्के जास्त करंट म्हणजे बघणाऱ्याला काहीच नसतं. मोटर नेहमीसारखीच फिरत असते, आवाजही तोच. पण वायंडिंगचं इन्सुलेशन आतून शिजत असतं. मर्यादेच्या वर दर 10 अंशांना इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा मोटरवाल्यांचा जुना ठोकताळा. माणसाला न दिसणारी ही मंद भाजणी ओव्हरलोड स्वतःच्या अंगावर घेत असतो, कारण पट्टी तापणं आणि मोटर तापणं ही त्याच्या दृष्टीने एकच गोष्ट. एकदा ट्रिप होऊन लगेच पुन्हा चालू केली की दुसऱ्यांदा तो लवकर पडतो, तेही यामुळेच. मोटर अजून गरम आहे हे त्याला अंगानेच माहीत असतं.

कोल्हापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर हंगामात हा स्वभाव नीट बघायला मिळतो. चरकात ऊस सारणारा पोरगा घाईत असतो. काहील रिकामी पडायला आलेली, गुळव्या हाका मारतोय, म्हणून पोरगा दोनऐवजी पाच-सहा ऊस एकदम कोंबतो. आधी पट्टा किंचाळतो, मग मोटरीचा सूर खाली उतरतो, आणि जरा वेळाने छपराखालच्या लोखंडी पेटीतून खट्ट! चरक थांबतो. मालक धावत येतो.

"आरं, दाब की परत!"

"दाबतोय की मालक, बसंना त्यो."

निळं बटण दाबून उपयोग नसतो, कारण पट्ट्या अजून गरम आणि वाकलेल्या असतात. त्या सरळ झाल्याशिवाय बटण आत टिकत नाही. ही त्याची हट्टी दोन-चार मिनिटं मोटरीच्या भल्याची असतात. एखादा जाणता वायरमन तेवढ्यात बिडी पेटवतो आणि म्हणतो, "जरा दमानं घ्या, गार हूं दे त्येला." बाकीचे पेटीचं झाकण उघडून स्क्रूड्रायव्हर शोधतात.

त्या स्क्रूड्रायव्हरने ओव्हरलोडचं जेवढं नुकसान केलंय तेवढं विजेनेही केलं नसेल. जुन्या स्टार्टरमधली चकती जवळून बघा. मधली खाच घासून गुळगुळीत झालेली, कडेला ओरखडे, आणि बाण शेवटच्या आकड्याला टेकलेला. मोटरीच्या पाटीवर साडेसात अँपिअर लिहिलंय, चकती दहावर. आता तो ट्रिप होणार नाही, हे खरं. 'कटकट गेली' म्हणून मंडळी खूश. काही मिस्त्री योग्य आकड्यासमोर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवतात, म्हणजे पुढच्या खेपेला कुणाचा हात फिरलाय ते लगेच कळतं. मला या ठिपक्याइतकी सुज्ञ व्यवस्था महागड्या पॅनेलमध्येही क्वचित दिसली आहे.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. शॉर्टसर्किटमध्ये याचा काही उपयोग नाही. तिथे हजारो अँपिअरचा धक्का असतो आणि पट्टी वाकायच्या आतच हीटर वितळून जातो. ते काम एचआरसी फ्यूजचं किंवा ब्रेकरचं, आणि ते वरच्या बाजूला नसतील तर आधी रिलेचाच बळी जातो. वीज तोडायला याला स्वतःचे हातही नाहीत, तो नुसतं काँटॅक्टरला सांगतो. काँटॅक्टरचे पॉइंट चिकटून बसले असतील तर हा आत कितीही ट्रिप झाला तरी मोटर फिरतच राहते. शिवाय मोटरीच्या पंख्याच्या जाळीवर कापसाची तूस साचून हवा कोंडली, तर करंट तेवढाच राहतो आणि मोटर मात्र तापते. ओव्हरलोडला त्याचा पत्ताही लागत नाही. तिथे वायंडिंगमध्ये पुरलेला थर्मिस्टरच लागतो.

शेतातल्या पंपाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे सिंगल फेजिंग. डीपीवरचा एक फ्यूज उडतो, तीनपैकी दोनच फेज येतात. थांबलेली मोटर सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते. चालू असलेली मोटर चालत राहते, पण उरलेल्या दोन फेजमधून सुमारे 1.73 पट करंट ओढून. चांगल्या ओव्हरलोडमध्ये यासाठी दोन सरकपट्ट्यांची सोय असते. दोन पट्ट्या वाकल्या आणि तिसरी गार, सरळ राहिली की त्यांच्यातल्या फरकानेच तो लवकर ट्रिप होतो. पण लोकांनी चकती फिरवलेली असते, किंवा रात्रपाळीच्या विजेला उठायला नको म्हणून वीज येताच पंप आपोआप चालू करणारा 'ऑटो' लावून रिलेचं रिसेटही ऑटोवर टाकलेलं असतं. मग रात्रभर मोटर पडते, गार होते, उठायला बघते, पुन्हा पडते. सकाळी विहिरीवर जळक्या वॉर्निशचा वास.

पुढची तपासणी वायंडरच्या दुकानात. तो मोटरीचं कव्हर काढतो, बॅटरी धरून आत डोकावतो आणि काही न विचारता सांगतो, "फेज गेला होता." स्टार जोडणीच्या मोटरीत दोन फेजचे गाळे काळेठिक्कर पडलेले असतात आणि तिसऱ्याचे अजून तांबूस, जणू नवेच. डेल्टात उलट, एकाच फेजचे जळतात. सगळी वायंडिंग सारखीच काळी असेल तर तो म्हणतो, "ओव्हरलोड. रिले कुठं ठेवला होता?" यावर ग्राहक सहसा गप्प बसतो.

स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये तर शिकलेलेही फसतात. तिथे रिले बहुधा फेजच्या वाटेवर असतो, म्हणून पाटीवरच्या करंटच्या 58 टक्क्यांवर तो लावायचा. 15 एचपीच्या मोटरीवर 21 अँपिअर लिहिलेलं असेल तर चकती 12 च्या आसपास हवी. नवखा इलेक्ट्रिशियन इमानदारीत 21 वर ठेवतो, आणि लाइनमध्ये 36 अँपिअर जाईपर्यंत ओव्हरलोडला काहीच वावगं वाटत नाही. दोष रिलेवर येतो आणि तो बदलला जातो. नव्यावरही 21.

आता पट्टीच नसलेले इलेक्ट्रॉनिक रिले आलेत. त्यांची रेंज मोठी, फेज गेल्यावर ते काही सेकंदांत ओळखतात, आणि वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवरच्या मोटरींना तर ओव्हरलोड सॉफ्टवेअरमध्येच मिळतो. मोठ्या आणि महागड्या मोटरींना तेच लावावेत. पण पाच-दहा एचपीच्या पंपाला, चरकाला, मिक्सरला अजून पट्टीवालाच बरा. तो धूळ खातो, व्होल्टेजचे झटके सोसतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो. घेताना मोटरीच्या पाटीचा फोटो मोबाईलमध्ये न्यावा, तो आकडा चकतीच्या साधारण मधे येईल अशी रेंज मागावी, आणि नेलपॉलिश घरून घेऊन जावी.