तीनचाकी घेऊन वाळवंटाच्या जत्रेला



अमेरिकेला जाऊन आलेला माणूस उंच इमारतींविषयी, रुंद रस्त्यांविषयी लिहितो. मी एका तीनचाकी सायकलीविषयी लिहिणार आहे. ती आम्ही गाडीत घालून चारशे किलोमीटर दूर वाळवंटात नेली आणि तेवढ्याच वाटेने परत आणली. नेताना कष्ट पडले. परत आणताना मात्र मला माझी आई आठवली, म्हणून हा लेख.

२०२३ साली मी आणि सौ. नागपूरहून लेकीकडे कॅलिफोर्नियातील साक्रामेंटो शहरी गेलो होतो. ऑगस्टमध्ये लेक म्हणाली, "बाबा, यंदा तुम्ही आमच्यासोबत 'बर्निंग मॅन'ला चला." मी विचारले, "ते काय असते?" ती म्हणाली, "वाळवंटातली जत्रा. पण तिथे देव नाही आणि दुकानही नाही." देवही नाही आणि दुकानही नाही, अशी जत्रा मी पासष्ट वर्षांत पाहिली नव्हती. सौ. नातवाजवळ घरी राहिली आणि आम्ही तिघांनी जायचे ठरवले.

या जत्रेची हकीकत अशी. १९८६ साली लॅरी हार्वे आणि जेरी जेम्स या दोघा मित्रांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर लाकडाचा आठ फुटी पुतळा करून जाळला. १९९० पासून हा कार्यक्रम नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात होऊ लागला. कोरोनाची २०२० आणि २०२१ ही वर्षे सोडली, तर आता ऑगस्टच्या शेवटी तिथे सत्तर हजारांच्या आसपास माणसे जमतात. ओसाड जमिनीवर आठवड्यापुरते शहर उभे राहते. बर्फासारखी एखादी गरजेची वस्तू सोडली, तर तिथे काही विकत मिळत नाही. अन्न, पाणी, तंबू सगळे आपले आपण न्यायचे आणि जमेल ते दुसऱ्याला फुकट द्यायचे.

पण ही गरिबांची जत्रा नव्हे, हे आधीच सांगतो. त्या वर्षी मुख्य विक्रीचे तिकीट ५७५ डॉलरचे होते, म्हणजे आपले सत्तेचाळीस हजारांहून अधिक रुपये. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी काही स्वस्त तिकिटे असतात, पण ती थोडी. दारू आणि नशाही तिथे दिसते. ती आपल्या पाचव्या शीलात बसणारी नाही. तेव्हा मी जे चांगले पाहिले तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

आता तीनचाकीचे. या शहरात गाडी एकदा आपल्या जागी लावली की ती फिरवायची नसते. चालायचे, नाही तर सायकल चालवायची. माझे गुडघे एस.टी.च्या आगारात गाड्यांखाली उकिडवे बसून बसून गेलेले. दोन चाकांवर तोल राहत नाही. म्हणून लेकीने मोठ्या माणसांची जुनी तीनचाकी विकत आणली. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागच्या चाकांवर तारेची मोठी टोपली.

ती पाहून मी गप्प झालो. माझे वडील इतवारी-महाल भागात सायकल रिक्षा ओढत. त्यांनी मला कधी रिक्षाला हात लावू दिला नाही. "तुझ्या हातात पुस्तक पाहिजे, हँडल नाही," म्हणायचे. आणि मी अमेरिकेत येऊन तीन चाकांवर बसणार! लेकीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आजोबा दुसऱ्याला ओढायचे. तुम्ही स्वतःला ओढा." जावईबापू हसले आणि माझाही नाइलाज झाला.

जावईबापूंनी मित्राची पिकअप गाडी मागून आणली. आपल्या छोटा हत्तीसारखा तिला मागे उघडा हौदा असतो. साध्या सायकली मोटारीच्या मागे अडकवायचे स्टँड मिळतात, पण मागची दोन चाके आणि रुंद आस यामुळे तीनचाकी त्यावर बसत नाही. टपावर चढवणेही धोक्याचे, कारण वजन पंचवीस-तीस किलो आणि वारा भरला की ती हलते. शेवटी हौदाच बरा ठरला.

कोणाला असे वाहन न्यायचे असेल तर आमची रीत सांगतो. हौदा साडेपाच फूट आणि सायकल सहा फुटांची, म्हणून पुढचे चाक काढले. टोपली सोडवून तिच्यात पाण्याचे कॅन भरले. सीट खाली केली. दोन फळ्या टेकवून सायकल वर ढकलली, मोकळा चिमटा लाकडी ठोकळ्यावर टेकवला आणि मागच्या चाकांना उटी लावली. मग आवळायचे चार पट्टे चार कोपऱ्यांना घेतले. पट्टा नेहमी सांगाड्यावर घ्यावा. चाकाच्या तारांवर किंवा टोपलीवर घेतला तर त्या वाकतात. पट्टा घासतो तिथे जुन्या गोधडीचा तुकडा घातला. साखळीला नेहमीचे तेल लावले नाही, कारण त्यावर धूळ बसून पीठ होते. मेणाचे कोरडे वंगण लावले. तीसेक मैलांवर थांबून पट्टे पुन्हा आवळले, कारण गाडी हादरली की ते सैल होतात. भरधाव रस्त्यावर पडलेली सायकल मागून येणाऱ्याचा जीव घेऊ शकते.

बरोबर पाणी किती घेतले? माणशी रोज दीड गॅलन, म्हणजे साडेपाच लिटरच्या वर, असा तिथला दंडक आहे. तिघांचे आठ दिवसांचे एकशे छत्तीस लिटर झाले. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली झगडलेल्या लोकांचा मी वारस. पाण्याचा थेंब मोजताना मला कमीपणा वाटला नाही.

साक्रामेंटोहून रस्ता सिएरा नेवाडाचा घाट चढतो. डोनर खिंडीजवळ तो सात हजार फुटांच्या वर जातो. याच डोंगरातून १८६० च्या दशकात चिनी मजुरांनी पहाड फोडून रेल्वे नेली. पुढे रीनो शहर मागे पडते आणि वॅड्सवर्थपासून ४४७ क्रमांकाचा दुपदरी रस्ता उत्तरेला जातो. तो पायूट या मूळनिवासी जमातीच्या राखीव प्रदेशातून, पिरॅमिड सरोवराजवळून जातो. रस्त्यावर त्यांचे स्टॉल लागलेले होते. लेकीने मुद्दाम त्यांच्याकडून खायला घेतले. "जमीन यांची, जत्रा दुसऱ्यांची," ती म्हणाली. मला आपल्याकडची पुष्कळ उदाहरणे आठवली.

गेर्लाक हे शेवटचे छोटे गाव. त्यापुढे सपाट पांढरी जमीन. हजारो वर्षांपूर्वी इथे लाहोंटन नावाचे प्रचंड सरोवर होते, त्याचा हा कोरडा तळ. एक झाड नाही, एक पक्षी नाही. जमीन खारवट, आणि धूळ पिठूळ साबणासारखी. अंगाला लागली की कातडी फुटते. मग व्हिनेगरच्या पाण्याने पाय धुवायचे. वादळ उठले की हातभर अंतरावरचे दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर फडके लागते.

शहराची आखणी घड्याळासारखी. मधोमध लाकडी पुतळा आणि भोवती अर्ध्याहून मोठ्या गोलात रस्ते. पत्ता सांगायचा तर "साडेचारच्या रस्त्याला" असे सांगतात. मी तीनचाकीवरून हिंडलो. वडिलांचा एक शब्द उपयोगी पडला. ते म्हणत, तीन चाकांची गाडी वळणावर कलत नाही, उलटते. म्हणून वळण आले की हळू. मऊ धुळीत चाके रुतत, तेव्हा हवा थोडी कमी केली. टोपलीत मी शेजाऱ्यांचा बर्फ आणून देऊ लागलो. दोन दिवसांत मला सगळे ओळखू लागले. कोणी काय काम करतोस, कोणत्या जातीचा, असे विचारले नाही. अमेरिकेतही जात पोहोचली आहे हे मला ठाऊक आहे. पण त्या आठ दिवसांत ती माझ्या वाट्याला आली नाही.

सर्वांत मोठी गोष्ट वेगळीच होती. त्या शहरात कचऱ्याची पेटी नाही आणि झाडूवालाही नाही. प्रत्येकाने आपला कचरा उचलून घरी न्यायचा. आंघोळीचे पाणीसुद्धा जमिनीवर सांडायचे नाही. डॉक्टर, इंजिनियर, प्राध्यापक गुडघ्यांवर बसून कपड्याची टिकली, शेंगदाण्याचे टरफल, केस वेचताना मी पाहिले. जत्रा संपल्यावर स्वयंसेवक ओळी करून सारी जमीन पायी तपासतात. सरकारी तपासणीत एका एकरात एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा चालत नाही. एकराचे चाळीस गुंठे, म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यात एक फूट!

माझी आई नागपुरात झाडूकाम करायची. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय जमे. आई पांढरे लुगडे नेसून वंदना घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे झाडू घेऊन त्याच वाटांवर उभी राहायची. आपल्याच माणसांच्या पत्रावळी गोळा करायची. बाबासाहेबांनी आपल्याला घाणीची, लाचारीची कामे सोडा म्हणून सांगितले. आई म्हणायची, "सोडते रे, पण मग हे उचलणार कोण?" त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

त्या वाळवंटातही पूर्ण उत्तर नाही, हे खरे. संडास साफ करायला पगारी माणसे असतात. पण ते खड्ड्यात उतरत नाहीत. टँकरच्या पाइपने काम होते, आणि त्यांची गाडी आली की लोक हात हलवून आभार मानतात. आपल्याकडे १९९३ आणि २०१३ साली कायदे होऊनही माणसे गटारात उतरून मरतात.

शुक्रवारी, १ सप्टेंबरला मी तीनचाकीवरून एकटाच टेम्पलकडे गेलो. नाव टेम्पल, पण तिथे मूर्ती नाही, पुजारी नाही, दानपेटी नाही. लोक आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो ठेवतात, नावे लिहितात आणि शांत बसतात. शेवटी ती लाकडी वास्तू जाळतात. मी एका फळीवर आईचे नाव मराठीत लिहिले.

परतताना पाऊस आला. त्या खारवट जमिनीचा पाहता पाहता चिकट चिखल झाला. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये तो असा भरला की तीनचाकी जागची हलेना. तंबू किलोमीटरभर दूर. एक अनोळखी तरुण आणि त्याची मैत्रीण आली. त्यांनी मला पायांत बांधायला प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या, दोन्ही बाजूंनी धरले आणि तंबूपर्यंत आणले. तीनचाकी तिथेच राहिली.

दोन दिवस कोणी गाडी हलवू नये, अन्न-पाणी जपून वापरावे, असा हुकूम निघाला. संडासाचे टँकरही येऊ शकेनात. तेव्हा सगळ्यांना कळले की शहर कोणाच्या जिवावर चालते.

सोमवारी जमीन वाळली. शेजारी म्हणाले, "सोडून द्या ती सायकल. जुनी तर आहे." लेकही दमली होती. "बाबा, राहू द्या. कोणीतरी उचलेल."

मी म्हणालो, "ते कोणीतरी म्हणजे तुझी आजी, बाई."

ती काही बोलली नाही. तिने खुरपे उचलले. आम्ही तिघे गेलो. चिखल विटेसारखा कडक झाला होता. तंबूच्या खुंटीने, चमच्याने तो खरवडला. तीन तास लागले. येताना वाटेत दोन-तीन बेवारस सायकली दिसल्या. जावईबापूंनी त्यातली एक आमच्या टोपलीवर आडवी घातली. मग आमच्या तंबूची जागा आम्ही खांद्याला खांदा लावून, ओळीने चालत वेचली. तीनचाकीची टोपली कचऱ्याने भरली. तो सगळा पिशव्यांत बांधून, सायकल पुन्हा चार पट्ट्यांनी आवळून, मंगळवारी पहाटे निघालो. बाहेर पडायच्या रांगेत कित्येक तास गेले. पण गाडीतून एक कागद खाली पडला नाही.

वाचकहो, आपण दसऱ्याला नागपूरला जातो, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो. तिकीट नाही, मोठा-लहान नाही, जेवणही फुकट मिळते. त्या वाळवंटातल्या लोकांना हजारो रुपये मोजून जी समता आठवडाभर मिळते, ती आपल्याला बाबासाहेबांनी फुकट दिली आहे. त्यांच्याकडून घ्यायचे ते एवढेच. यंदा जाताना प्रत्येक कुटुंबाने एक रिकामी पिशवी न्यावी. आपली पत्रावळ, आपली बाटली तिच्यात भरून घरी आणावी. म्हणजे दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे झाडू घेऊन उभी राहणारी एखादी आई लवकर घरी जाईल.

आईच्या प्रश्नाला मी उशिरा उत्तर दिले. आपण देऊ शकतो.

जयभीम! नमो बुद्धाय!